दवाखान्यात ई-केसपेपर सुरू करताय? या चुका टाळा

महापालिकेच्या दवाखान्यांना कागदी केसपेपरवरून संगणकावर आणायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. आधी स्वतः वैद्यकीय अधिकारी म्हणून केलं, आता दुसऱ्यांना बसवून देते. दवाखाना नवा असतो, माणसं नवी असतात, सॉफ्टवेअर नवं असतं, चुका मात्र त्याच. मीटिंगमध्ये तासभर चर्चा होते ती सर्व्हरची, टॅब्लेटची आणि डॅशबोर्डच्या रंगांची. गाडी बिघडते ती केसपेपरच्या खिडकीवर, आणि त्या खिडकीबद्दल मीटिंगमध्ये कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

न शोधता नवी नोंदणी

सकाळी खिडकी उघडते तेव्हा बाहेर चाळीस-पन्नास माणसं उभी असतात. आत बसलेला ऑपरेटर कंत्राटी, बऱ्याचदा महिन्याभरापूर्वी लागलेला. जुनी नोंद शोधायला मिनिटभर जातं. 'नवीन रुग्ण' दाबलं की केसपेपर लगेच हातात. मागून आवाज येतो, "अहो लवकर करा, कामावर खाडा होतोय." मग तो 'नवीन रुग्ण' दाबतो. त्याला मी दोष देत नाही. सहा महिन्यांत एकाच बाईच्या चार नोंदी होतात. एकीत साखरेचा रिपोर्ट, दुसरीत एक्स-रे, तिसरीत पेनिसिलिनची ॲलर्जी. डॉक्टरांपुढे उघडते ती चौथी, कोरी.

त्यात आपल्याकडची नावं. लग्न झालं की मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतं. आधारवर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं. शेख हे आडनाव इंग्रजीत एकाच गल्लीत चार तऱ्हांनी लिहिलेलं मी पाहिलं आहे. जन्मतारीख ठाऊक नसली की ऑपरेटर १ जानेवारी टाकतो, त्यामुळे कागदोपत्री अर्धी वस्ती १ जानेवारीला जन्मलेली असते. मोबाइल नंबर सासऱ्यांचा, आणि घरातल्या सहाही जणांना तोच.

याचा शेवट कसा होतो ते सांगते. शहर सांगत नाही, नाव बदललेलं आहे.

एका दवाखान्यात नोंदी इतक्या फुगल्या की हद्दीतल्या लोकसंख्येपेक्षा रुग्ण जास्त दिसू लागले. वरून फर्मान आलं, डुप्लिकेट काढा. कंपनीने एका रात्रीत स्क्रिप्ट चालवली: पहिलं नाव, आडनाव आणि मोबाइल जुळला की दोन नोंदी एक. मधलं नाव धरलं नाही, कारण तो रकाना भरणं सक्तीचं नव्हतं. वय धरलं नाही, कारण वयं अंदाजपंचे टाकलेली.

त्या वस्तीत एका घरात दोन जावा होत्या, दोघी सुनीता. थोरली बीपीची पेशंट, धाकटी पाचव्या महिन्यात. धाकटी खोकल्यासाठी आली. नेहमीचे डॉक्टर रजेवर, बदलीवर आलेल्यांपुढे शंभरावर पेशंट. पडद्यावर 'उच्च रक्तदाब, टेल्मिसार्टन ४०, शेवटच्या गोळ्या महिन्यापूर्वी' असं दिसलं. गोळ्या संपल्या असणार म्हणून त्यांनी 'मागील औषधे रिपीट' दाबलं. टेल्मिसार्टन गरोदरपणात द्यायचं नसतं; पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडाला त्याने इजा होते. औषधाच्या खिडकीवरून गोळ्यांच्या पट्ट्या तिच्या हातात पडल्याही. जाता जाता ती वजन नोंदवायला एएनएमच्या, म्हणजे दवाखान्यातल्या परिचारिकेच्या, टेबलापाशी थांबली. सिस्टरांनी माता व बाल संरक्षण कार्ड उघडलं. त्यावर निळ्या पेनाने बीपी ११०/७०, त्याच्या वर मागच्या महिन्याचं १०८/७०. त्यांची नजर पट्ट्यांवर गेली.

"अगं, या गोळ्या कुणाच्या?"

"माझ्याच. आत्ता दिल्या की."

"तुला बीपी कधीपासून?"

"मला नाही सिस्टर. मोठ्या जाऊबाईंना आहे."

त्या दिवशी बाळाचा धोका टळला तो पुठ्ठ्याच्या कार्डामुळे आणि कार्ड वाचणाऱ्या सिस्टरांमुळे. थोरलीच्या नोंदीत त्याच वेळी वीस आठवड्यांचं गरोदरपण चढलं होतं. अशा चिकटलेल्या नोंदी सोडवायला आम्हाला तीन शनिवार लागले. वस्तीतल्या आशाताई शेजारी बसल्या होत्या म्हणून तीनच.

तेव्हापासून माझ्या काही सवयी ठरून गेल्या आहेत. ऑपरेटरला मी पहिले दोन दिवस फक्त शोधायला शिकवते. 'नवीन रुग्ण' तिसऱ्या दिवशी. पहिलं नाव, मधलं नाव, जन्मवर्ष आणि घराची खूण या चार गोष्टींनी शोधायचं. मोबाइल नंबर हा निरोप धाडण्यासाठी असतो, त्यावरून माणूस ओळखायचा नाही. वय अंदाजे असेल तर तसं लिहायचं. तो रकाना नसेल तर कंपनीकडून करून घ्यायचा. लहान मुलांची तारीख मात्र कार्ड बघूनच, कारण लसी ६, १०, १४ आठवड्यांना आणि ९ महिन्यांना मोजून द्याव्या लागतात.

"तुम्ही सुनीताच ना?" असं कधीही विचारू नका. रांगेत उभं राहून दमलेलं माणूस कशालाही मान डोलावतं. "पूर्ण नाव सांगा" म्हणा आणि ऐका. डॉक्टरांनीही तेच करावं, औषधाच्या खिडकीवरही तेच व्हावं. तीन ठिकाणी नाव विचारल्याने कोणी रागावत नाही, कारण सांगितलं की लोक समजून घेतात. आणि दोन नोंदी एक करायच्या तर दोन माणसांनी बघून, पेशंट किंवा आशाताईंना विचारून. रात्रीत स्क्रिप्ट चालवून हे काम होत नाही. ज्यांना ते एका रात्रीत हवं असतं, त्यांना दुसऱ्या दिवशी ओपीडीत बसायचं नसतं.

आभा कार्ड काढलं म्हणजे रेकॉर्ड झालं, हा समज

आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालं आणि आभा हा १४ आकडी आरोग्य क्रमांक आला. कल्पना उत्तम आहे, मला ती मनापासून पटते. पण आभा ही फक्त ओळख आहे. तिला केसपेपर, लॅबचे रिपोर्ट, औषधं जोडली नाहीत तर ते रिकामं पाकीट. शिबिर लावून दिवसाला शेकड्याने आभा काढतात, ओटीपी जातो कधीच बंद पडलेल्या नंबरवर, आणि ज्याची आभा काढली त्याला आपण काय काढलं याचा पत्ता नसतो. टार्गेट पूर्ण, उपयोग शून्य. शिवाय आभा ऐच्छिक आहे. "आभा नाही तर केसपेपर नाही" असं खिडकीवर कोणी सांगत असेल तर त्याच दिवशी थांबवा. ताप आलेल्या माणसाला परत पाठवायचा अधिकार कुठल्याही सॉफ्टवेअरला नाही.

जुनं रजिस्टर चालूच, वर नवं सॉफ्टवेअर

ही माझ्या मते दुसरी मोठी चूक, आणि हिच्याकडे तर कोणी चूक म्हणून बघतही नाही. एएनएमच्या टेबलावर आधीच काय काय असतं ते एकदा जाऊन बघा. सरकारी पोर्टलंच किती: माता-बालकांसाठी आरसीएच, क्षयरोगासाठी निक्षय, तापाच्या आणि साथींच्या नोंदीसाठी आयएचआयपी, बीपी-शुगरच्या तपासणीसाठी एनसीडी पोर्टल, लसीकरणासाठी यूविन. त्याशिवाय कागदी रजिस्टरं, आणि महिनाअखेरचा रिपोर्ट. त्यावर आपण जाऊन म्हणतो, "सिस्टर, आता हेही भरायचं."

एका दवाखान्याचा महिन्याचा डेटा बघत होते. पडद्यावर खालपर्यंत बीपीचे आकडे: १२०/८०, १२०/८०, १३०/८०, पुन्हा १२०/८०. इतकी निरोगी वस्ती जगात नसते. वरिष्ठांना कारणे दाखवा नोटीस काढायची होती. मी म्हटलं, आधी मला तिथे एक दिवस बसू द्या.

बसले. बीपीचं मशीन बाहेर बाकाशेजारी, संगणक आतल्या खोलीत, कारण प्लग तिथेच. सिस्टर बीपी बघत आणि केसपेपरच्या कोपऱ्यात लिहीत. केसपेपर पेशंटबरोबर घरी जाई. दुपारी दोननंतर त्या संगणकापुढे बसत आणि आठवेल तसं भरत. शंभर जणांचं बीपी कोणाला आठवणार? कामचुकारपणा नव्हता. सकाळपासून त्या खुर्चीवर टेकल्या नव्हत्या.

नोटीस राहिली. मी शिपाईमामांना घेऊन टेबल सरकवलं, एक्स्टेंशन बोर्ड आणला, संगणक मशीनच्या शेजारी ठेवला. बीपी घेतलं की तिथेच आकडा. दुसऱ्या आठवड्यापासून १४८/९२, १६४/१०० असे आकडे दिसायला लागले आणि त्या माणसांना औषध सुरू झालं. नवा कोड एक ओळही लिहावा लागला नाही.

म्हणून नवीन काही सुरू करताना मी आधी विचारते: कुठलं रजिस्टर बंद होणार, कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने? उत्तर "बघू, दोन्ही चालू ठेवा" असं असेल तर मी काम पुढे नेत नाही. महिनाभर दोन्ही चालवणं समजू शकते. त्यानंतर सिस्टरांचा वेळ वाचलाच पाहिजे, आणि महिनाअखेरचा रिपोर्ट नव्या नोंदींमधून आपोआप निघाला पाहिजे. तो निघत नसेल तर त्यांनी त्यात का भरावं?

डॉक्टरला टायपिस्ट करणं

ओपीडी चार तासांची, पेशंट एकशेवीस. माणशी दोन मिनिटं येतात. त्या दोन मिनिटांत पंधरा रकाने भरा म्हटलं की डॉक्टर निदानात 'इतर' निवडतात. वर्षअखेर दवाखान्यातला सगळ्यात मोठा आजार 'इतर'! माझ्या पद्धतीत डॉक्टरांना तीनच गोष्टी सक्तीच्या: निदान, औषध, पुन्हा कधी यायचं. निदानाची यादी त्या दवाखान्याच्या मागच्या वर्षाच्या रजिस्टरवरून करायची. बहुतेक काम चाळीस-पन्नास आजारांत भागतं. त्यामागचे आयसीडीचे, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीचे, कोड सॉफ्टवेअरने सांभाळावेत, डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे नाचवू नयेत.

थोडक्यात काही

सगळ्यांना एकच लॉगिन आणि पासवर्ड कीबोर्डखाली चिकटवलेला: गोळी कोणी लिहिली हे मग कधीच कळत नाही. प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन, औषध देणाऱ्यालाही.

थर्मल प्रिंटर घेऊ नका. पेशंट ती चिठ्ठी पिशवीत घालून खिळ्याला अडकवतात, आणि दोन-तीन महिन्यांत अक्षरं उडून जातात.

औषध कसं घ्यायचं ते मराठीत छापा. 'सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर.' ज्या वस्तीत हिंदी किंवा उर्दू वाचतात तिथे त्या भाषेत.

वीज जाणार, नेट जाणार. छापील कोरे केसपेपर कपाटात हवेतच, आणि ते नंतर कोण भरणार त्याचं नाव आधी ठरलेलं हवं.

प्रशिक्षण व्हिडिओ पाठवून होत नाही. शेजारी बसावं लागतं.

एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात यांच्या नोंदी खिडकीवरच्या ऑपरेटरला दिसता कामा नयेत. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, पण शेजारणीला कळलं तर त्या बाईचं काय होईल हे समजायला कायद्याची वाट बघू नये.

फीत कापायच्या तारखेला सुरुवात

१५ ऑगस्ट ही सगळ्यांची लाडकी तारीख. शहरात तेव्हा डेंग्यू, मलेरिया, लेप्टो भरात असतात आणि ओपीडी नेहमीपेक्षा कितीतरी वाढलेली असते. त्या गर्दीत नवं सॉफ्टवेअर आणलं की चार दिवसांत सगळे कागदावर परततात आणि पुन्हा वळत नाहीत. मी जानेवारीचा दुसरा आठवडा निवडते, वार मंगळवार, कारण सोमवारी रांग सगळ्यात मोठी. आणि एकाच दवाखान्यात. तो दीड-दोन महिने नीट चालला की दुसरा.

"सगळ्या शहरात एकदम करू" म्हणणाऱ्यांना मी इंग्लंडचं उदाहरण देते. तिथल्या फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने हळूहळू, आपापल्या गतीने संगणकावर आले आणि ते टिकलं. २००२ मध्ये सरकारने सगळ्या आरोग्यसेवेसाठी वरून एकच प्रचंड कार्यक्रम आणला. अब्जावधी पौंड घालूनही तो २०११ मध्ये गुंडाळायची घोषणा करावी लागली. पैसा आणि तज्ज्ञ दोन्ही आपल्यापेक्षा जास्त असलेल्या देशात हे झालं आहे.

करारात डेटाबद्दल एक ओळही नसणं

कंपनीचं कंत्राट तीन वर्षांचं, पेशंटचा मधुमेह जन्माचा. कंत्राट संपताना नोंदी कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत, कुणाच्या ताब्यात येणार हे निविदेतच लिहा. ईएचआरची, म्हणजे संगणकावरच्या आरोग्य नोंदींची, राष्ट्रीय मानकं २०१३ मध्ये आली, २०१६ मध्ये सुधारली गेली. त्यांचा उल्लेख नुसता नको, दर तिमाहीला एकदा सगळा डेटा बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर उघडून दाखवायची अट हवी. मी तो उघडून बघते. दहा पेशंट निवडते आणि कागदाशी ताडून पाहते.

आणि हे सगळं जुळून आलं तरी सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते, आणि तिथल्या दवाखान्यात आपली नोंद दिसेलच असं नसतं. म्हणून त्याआधीच्या तपासणीच्या दिवशी मी एक पान छापून घेते: रक्तगट, हिमोग्लोबिन, टीडीच्या (धनुर्वात-घटसर्पाच्या लसीच्या) तारखा, सगळ्या भेटींचं बीपी, सोनोग्राफीत काय आलं, कोणत्या औषधाची ॲलर्जी. सिस्टर ते तिला वाचून दाखवतात, घडी घालून कार्डाच्या आत ठेवतात, आणि पोचल्यावर तिथल्या सिस्टरांना आधी हे पान दाखव असं सांगतात. धाकट्या सुनीतालाही तसंच पान दिलं होतं. त्यावर सिस्टरांनी निळ्या पेनाने एक ओळ वाढवली होती: बीपीची कोणतीही गोळी चालू नाही.