पुनर्प्रक्रिया केंद्रात कुटुंबांसाठी भेट कशी आखावी

सुक्या कचऱ्यावर पुनर्प्रक्रिया करणारे केंद्र लोकांना दाखवायचे ठरले, की आयोजक बहुधा आधी भाषणाची आणि चित्रफितीची तयारी करतात. माझ्या अनुभवाने सांगतो, सुरुवात तिथून करू नये. आपण डब्यात टाकलेल्या वस्तूचे पुढे नेमके काय होते, हे पाहायलाच लोक आलेले असतात. म्हणून नोंदणी करतानाच प्रत्येक कुटुंबाला घरातली एखादी रिकामी बाटली, डबा किंवा खोका धुऊन, कोरडा करून सोबत आणायला सांगावे आणि संपूर्ण फेरी त्या वस्तूंच्या प्रवासाच्या क्रमानेच काढावी. आपली बाटली आता कोठे पोहोचली असती, हे मूल मग स्वतःहून विचारू लागते.

सुरक्षिततेची तयारी आधी पक्की असावी. एका गटात पंधरा-वीस जणांहून अधिक माणसे घेऊ नयेत, आणि एक मार्गदर्शक पुढे व एक मागे असावा. पाय पूर्ण झाकणारी पादत्राणे सर्वांना सक्तीची करावीत. ओढण्या आणि मोकळे केस बांधून घ्यायला सांगावे. दिवसभर ८५ डेसिबलच्या आवाजात काम करणे कानांना घातक मानले जाते आणि यंत्रांजवळचा आवाज त्याहून वर जाऊ शकतो, त्यामुळे मुलांच्या मापाची कर्णरक्षके वेगळी आणून ठेवावीत. मालाच्या गाड्या रिकाम्या होण्याची वेळ टाळावी, कारण उलट दिशेने मागे येणाऱ्या गाडीच्या चालकाला लहान मूल दिसत नाही. कठड्याने बंदिस्त केलेली पाहण्याची जागा नसेल, तर यंत्रे बंद असतानाच आत न्यावे.

फेरीत प्रत्येक यंत्रापाशी थांबण्याची गरज नाही. मिश्र मालाचा ढीग, हाताने निवड करण्याचा पट्टा आणि चकत्यांची चाळणी ही तीन ठिकाणे मात्र सावकाश दाखवावीत. चाळणीत फिरणाऱ्या दांड्यांवरील चकत्यांवरून पुठ्ठे पुढे सरकतात आणि लहान वस्तू खाली पडतात. पातळ पिशव्या त्याच दांड्यांना गुंडाळल्या जातात. मग यंत्र थांबवून कामगारांना आत उतरून त्या सुऱ्यांनी कापून काढाव्या लागतात. असा काढलेला एक गुंडाळा जपून ठेवावा आणि पाहुण्यांच्या हाती द्यावा. पिशव्या, दोऱ्या आणि चित्रफितींचे पट्टे पीळ पडून इतके घट्ट बसलेले असतात, की बोटाने एक पदरही सुटत नाही. पिशवी सुक्या कचऱ्याच्या डब्यात का टाकू नये, हे त्यानंतर वेगळे सांगावे लागत नाही. जुन्या बॅटऱ्यांबद्दलही येथेच सांगावे: लिथियम-आयन बॅटरी चिरडली गेली तर पेट घेऊ शकते, आणि कागदाच्या ढिगात ती आग झपाट्याने पसरते.

पुढे लोखंडी डबे चुंबकाने उचलले जातात. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. तरीही वेगाने फिरणाऱ्या चुंबकांमुळे त्या धातूत विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि डबा पट्ट्यावरून दूर उडतो. हे तत्त्व टेबलावर सहज दाखवता येते. ॲल्युमिनियमची जाड नळी उभी धरून तिच्यात प्रबळ चुंबक सोडावा. तो इतका हळू उतरतो, की मुले खालून डोकावून पाहतात. चुंबक मार्गदर्शकाच्याच हाती राहू द्यावा, कारण असे लहान चुंबक पोटात गेले तर जिवावर बेततात. जुन्या ॲल्युमिनियमपासून नवे बनवताना खनिजापासून बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते, ही गोष्ट या प्रयोगानंतर सांगितली तर लक्षात राहते.

मला सर्वांत आवडता उपक्रम पाण्याच्या टबाचा आहे. पेयाच्या बाटलीचे आणि तिच्या झाकणाचे तुकडे मोठ्यांनी आधीच कापून, कडा घासून ठेवावेत आणि कोणते बुडतील याचा अंदाज मुलांना आधी सांगायला लावावा. बाटलीचे पीईटी प्लास्टिक पाण्यापेक्षा जड, घनता पाण्याच्या सुमारे १.३८ पट, म्हणून ते तळाशी जाते. झाकण पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असो वा पॉलिएथिलिनचे, ते पाण्याहून हलके असल्याने तरंगते. तुकड्यांना हवेचे बुडबुडे चिकटले तर निष्कर्ष चुकतो, त्यामुळे पाण्यात साबणाचे दोन थेंब घालावेत. बाटल्यांचा चुरा धुणाऱ्या कारखान्यांतही हीच युक्ती वापरली जाते. याच टेबलावर प्लास्टिकच्या वस्तूंवरील त्रिकोणात छापलेल्या आकड्यांबद्दलचा गैरसमज दूर करावा: १९८८ साली आलेले १ ते ७ हे आकडे प्लास्टिकचा प्रकार सांगतात, त्या वस्तूवर पुनर्प्रक्रिया होईलच अशी हमी देत नाहीत.

अगदी लहान मुलांसाठी कागद बनवण्याचा टेबल पुरेसा आहे. भिजवलेल्या रद्दीचा लगदा बारीक जाळीवर पसरून, कापडाने पाणी टिपून वाळवावा. धागे दर वेळी आखूड होत जातात, म्हणून कागदावर अशी प्रक्रिया साधारण पाच ते सात वेळाच करता येते, हे पालकांना सांगावे.

पट्ट्यावर काम करणाऱ्यांची परवानगी घेतल्याशिवाय त्यांचे छायाचित्र कोणालाही काढू देऊ नये. त्यांच्यापैकी कोणी तयार असेल, तर दहा मिनिटे त्यांनाच बोलू द्यावे. त्यांच्या हातांना रोज काय लागते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. बाद मालाचा ढीग लपवू नये. तो पाहिल्यावर काही पाहुणे निराश होतात, पण तो झाकून ठेवलेली फेरी अपुरी असते, असे माझे ठाम मत आहे.

शेवटी आणलेल्या वस्तू कुटुंबांनीच योग्य पेटीत टाकाव्यात. एखादी वस्तू, उदाहरणार्थ कागद, प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटवलेले वेष्टन, या केंद्रात चालत नसेल, तर तसे स्पष्ट सांगून आणि कारण समजावून ती त्यांच्याच हाती परत द्यावी.