मामा तलाव राखायचा तर आधी सांडवा आणि नालीचं तोंड पाहा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या माजी मालगुजारी (मामा) तलावांवर, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या ताब्यात असलेल्या गावतलावांवर, अतिक्रमण होतं ते पाळीच्या (मातीच्या बांधाच्या) बाजूनं नाही, वरच्या उथळ काठाकडून. उन्हाळ्यात तिथली जमीन उघडी पडते, कुणी लाखोरी (लाखेची डाळ) टाकतो, पुढच्या वर्षी धुरा (बांध) घालून बांधी म्हणजे धानाचं शेत करतो. मग पावसाळ्यात धान बुडायला लागलं की सांडवा (सलंग), म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, फोडून खाली केला जातो. सांडवा एक फूट उतरला की तलावाचं पाणी एक फूट कमी, आणि उथळ काठावर तेवढ्यानंच कित्येक एकर उघडे पडतात. म्हणून पहिलं काम सांडव्याची उंची नोंदवण्याचं. जवळच्या न हलणाऱ्या दगडावर किंवा देवळाच्या ओट्यावर पाणनळीनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) ती पातळी घ्या, रंगानं खूण करा, फोटो काढा आणि ग्रामसभेच्या ठरावात लिहा.

हद्द आखायला यंत्र लागत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात सांडव्यावरून पाण्याचा इंच-दोन इंचाचा पातळ थर वाहत असेल, त्या दिवशी पाण्याची कड हीच तलावाची रेषा. दर 30 मीटरवर खुंट्या ठोका. जोराच्या पुरात ठोकू नका. कड खऱ्या रेषेच्या वर गेलेली असते आणि मोजणीत तुमचंच म्हणणं पडतं. उन्हाळ्यात भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून खुंट्यांच्या जागी दगड रोवून घ्या.

अर्ज करताना 2017 च्या पाणथळ नियमांवर विसंबू नका. सिंचनासाठी बांधलेले जलसाठे त्या व्याख्येतून वगळले आहेत, तक्रार तिथंच अडकते. त्यापेक्षा निस्तारपत्रकाची (सामायिक जमीन-पाण्यावरच्या गावाच्या हक्कांच्या नोंदीची) नक्कल, तलावाचा सातबारा आणि ग्रामसभेचा ठराव जोडून तहसीलदारांकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 50 खाली मागणी करा. गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 28 जानेवारी 2011 चा निकाल आहे, त्याचा उल्लेख करा. गाव नमुना 1-ई मध्ये अतिक्रमणाची नोंद झाली का, तेही पाहा. तलाव जिल्हा परिषदेकडे असेल तर एक प्रत लघु पाटबंधारे विभागाला. उभ्या पिकात कारवाई मागू नका. अतिक्रमण करणारा पुष्कळदा गावातलाच गरीब माणूस असतो. कापणीनंतर, पुढच्या पेरणीआधी जागा सोडायला सांगितलं तर भांडण टळतं.

आता सांडपाणी. दरडोई दिवसाला 55 लिटर पाणी धरलं तर 100 घरांतून, 500 माणसांमागे, वापराच्या ऐंशी टक्के म्हणजे साधारण 22,000 लिटर रोज नालीत येतं. हे शक्य तितकं घरीच जिरवायचं. शोषखड्ड्याआधी जमीन तपासा: फूटभर खोल भोक खणा, रात्रभर पाण्यानं भरून ठेवा, सकाळी पुन्हा पाणी भरून तासभर पातळी बघा. तासात अडीच सेंटिमीटरही उतरली नाही तर तिथं शोषखड्डा चालणार नाही. कन्हार (काळ्या चिकण) जमिनीत हेच होतं. बर्डी किंवा खरडीत (हलक्या, पाणी जिरणाऱ्या जमिनीत) मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा चालतो, पण आधी राख-अन्न अडवायला जाळीचं छोटं टाकं हवंच, नाहीतर एका वर्षात तो बुजतो. विहिरीपासून किमान 15 मीटर लांब ठेवा. कन्हारात पाणी परसबागेत केळी, अळू, कर्दळीला सोडा.

सेप्टिक टाकीचा पाईप नालीत सोडलेली घरं शोधून तो आधी बंद करा. तो चालू असेपर्यंत पुढचं सगळं वाया जातं.

उरलेलं पाणी तलावात पडण्याआधी नालीच्या तोंडाशी अडवा. 22,000 लिटरसाठी अर्ध्या दिवसाचं, म्हणजे 11 घनमीटरचं गाळटाकं. तोंडाला बोटभर फटीच्या सळ्यांची जाळी. पुढे 60 सेंटिमीटर खोल, साधारण 180 चौरस मीटरचा गिट्टीचा वाफा. गिट्टी 10 ते 20 मिलिमीटरची आणि धुतलेली, दोन्ही टोकांना मोठे दगड, तळाला हलका उतार, वर पाणकणीस आणि कर्दळी. त्यात पाणी दोन दिवस राहतं. वाफे बंद पडतात ते जवळजवळ नेहमी गाळटाकं न बांधल्यामुळे किंवा ते उपसलं न गेल्यामुळे. उपसायचं कुणी, कोणत्या महिन्यात, हे बांधकामाआधी ठरवून ग्रामपंचायतीच्या नोंदीत लिहा. वित्त आयोगाच्या निधीतला स्वच्छतेचा बंधित (त्याच कामावर खर्चायचा) भाग अशा कामासाठी असतो.

गणपती, कानोबा, शारदेच्या विसर्जनासाठी पाळीबाहेर वेगळं कुंड करा. फवारणीचे पंप तलावात धुवायला मनाई करा. त्यानं मासे मरतात आणि फटका ढिवर (मासेमार) कुटुंबांना बसतो.

काठावरची बेशरम ही झुडपं नुसती तोडू नका. तुटलेला दांडा चिखलात पुन्हा फुटतो. मे महिन्यात मुळासकट उपटून पाण्यापासून लांब वाळवा. पण त्या भरात देवधान (रानधान) आणि चिला या पाणवनस्पती साफ करू नका, मासे आणि पक्षी त्यावरच जगतात. गाळ काढताना जेसीबी पाळीच्या पायथ्याशी लावू देऊ नका, आणि तळाची चिकण माती फुटेपर्यंत खोदू देऊ नका. ती फुटली की पाणी खाली झिरपतं आणि तलाव जानेवारीतच कोरडा पडतो.