रस्त्यावर राहणाऱ्या मुलांची संख्या काढताना या चुका टाळा

जगात 10 कोटी मुलं रस्त्यावर आहेत, हा आकडा युनिसेफने 1989 मध्ये दिला आणि नंतर कितीतरी अहवालांत तो तसाच उतरवला गेला. तो कसा काढला हे न विचारता पुढे वापरणं, ही पहिली चूक.

दुसरी व्याख्येची. रात्री फुटपाथवर एकटं झोपणारं मूल, कुटुंबासह रस्त्यावर राहणारं मूल आणि दिवसभर काम करून रात्री घरी परतणारं मूल, हे वेगवेगळे गट आहेत. कोणाला मोजायचं ते आधी लिहून ठेवा.

एका रात्रीत डोकी मोजली की काम झालं, असं समजू नका. पोलिसांच्या भीतीने लपलेली मुलं आणि विशेषतः मुली त्यात सुटतात. हा फक्त किमान आकडा धरावा.

म्हणून बरेच जण कॅप्चर-रिकॅप्चर वापरतात, म्हणजे दोन फेऱ्यांत मुलांची नोंद घेऊन, दोन्ही वेळा भेटलेल्या मुलांवरून एकूण संख्येचा अंदाज काढतात. खरी गडबड इथेच होते. समजा पहिल्या फेरीत 120 मुलं नोंदवली, दुसरीत 100, आणि त्यातली 30 मुलं दोन्ही फेऱ्यांत तीच निघाली. 120 गुणिले 100 भागिले 30, म्हणजे अंदाज 400. आता त्या 30 पैकी 10 मुलांनी दुसऱ्यांदा वेगळं नाव सांगितलं, तर जुळणारी 20 उरतात आणि अंदाज थेट 600 वर जातो. मूल खोटं नाव सांगतं ते जिवाच्या धास्तीने. त्याला दोष देऊ नका, पद्धत बदला. पूर्ण नावाऐवजी आईच्या नावाचं पहिलं अक्षर, भावंडांतला क्रमांक, मूळ गाव यांचा मिळून एक कोड करा.

अंदाज फारच कमी आला, तर दोन्ही फेऱ्या त्याच वेळी त्याच नेहमीच्या जागांवर झाल्या का ते पाहा. ओळखीची मुलंच पुन्हा भेटतात, जुळणी वाढते, आकडा घसरतो. फारच जास्त आला, तर दोन फेऱ्यांत किती दिवस गेले ते तपासा. मुलं सतत जागा बदलतात, त्यामुळे हे अंतर काही दिवसांचंच ठेवा.

निवाऱ्याच्या यादीवरूनही अंदाज निघतो. महिन्यात 90 मुलं तिथे आली आणि बाहेरच्या पाहणीत 30 टक्के मुलांनी त्याच महिन्यात आल्याचं सांगितलं, तर एकूण 300. यादीत एकच मूल दोनदा असेल, तर हे गणित फुगतं.

आणि झोपण्याच्या जागांचा नकाशा अहवालात अजिबात छापू नका. तो वाचून हुसकावणारे आणि त्रास देणारेही तिथे पोहोचतात.