आधी हवा, मग बटण: टायर प्रेशरचा पिवळा दिवा कसा विझवावा

डिसेंबरातली पहाट, साडेपाचची वेळ. नाशिकहून लग्नाला निघालो आणि मीटरवर पिवळा दिवा लागला: तळाला दाते, वरून उघडा असा कंस आणि मध्ये उद्गारचिन्ह. सिन्नरच्या पुढे गेलो तसा तो आपोआप विझला. म्हटलं, बरं झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे परत हजर, आणि थोडं अंतर गेल्यावर परत गायब. तीन दिवस हा लपंडाव चालल्यावर गाडी एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने बॉनेटसुद्धा न उघडता निकाल दिला: "सेन्सर गेलेत साहेब, चारही बदलावे लागतील."

घरी येऊन गाडी रात्रभर उभी ठेवली आणि सकाळी स्वतः हवा मोजली. २६, २६, २७, २४ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप). दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलं होतं ३३. शेवटची हवा गणपतीत गावाला जाताना भरली होती. म्हणजे सेन्सर अगदी खरं बोलत होते, खोटा आमचा आळस होता.

ही गोष्ट आधी सांगितली, कारण "दिवा कसा रिसेट करायचा" असं विचारणाऱ्या दहातल्या आठ जणांना खरं तर हवा भरायची असते. रिसेटचं बटण म्हणजे गाडीला "आता आहे हेच बरोबर धर" असं सांगणं. कमी हवेवर ते बटण दाबलं, तर गाडी तीच कमी हवा बरोबर समजून गप्प बसते.

दिवा नेमकं काय म्हणतोय, ते आधी बघा

चावी फिरवल्यावर दिवा दोन-तीन सेकंद लागून विझला, तर काही नाही, तो बल्बची हजेरी देतोय. स्थिर लागून राहिला, तर एखाद्या तरी टायरात हवा कमी आहे. पण सुरुवातीला मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मग स्थिर झाला, तर मात्र यंत्रणेतच बिघाड आहे: सेन्सरची बॅटरी संपली असेल, सेन्सर तुटला असेल किंवा गाडीला त्याचा सिग्नल मिळत नसेल. लुकलुकणारा दिवा हवा भरून जात नाही आणि स्थिर दिवा सेन्सर बदलून जात नाही. एवढा एक फरक माहीत असला की गॅरेजात निम्मे पैसे वाचतात.

तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे?

दोन पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येक चाकात, टायरच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेला एक छोटा सेन्सर असतो. तो दाब मोजतो आणि रेडिओ लहरींवर गाडीला कळवतो. क्रेटा, सेल्टॉस यांच्या वरच्या व्हेरियंटमध्ये चारही टायरांचे आकडे वेगवेगळे दिसतात ते यामुळेच. आकडे दिसत असतील, तर तुमची पद्धत ही.

दुसरीत चाकात काहीच नसतं. ब्रेकच्या एबीएससाठी (जोरात ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) चाकांचा वेग मोजणारे सेन्सर गाडीत असतातच, त्यांच्यावरच काम भागवतात. हवा कमी झाली की टायर जरा बसतो, त्याचा घेर बारीक होतो आणि तेवढंच अंतर जायला त्याला जास्त फेरे मारावे लागतात. एक चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरतंय असं दिसलं की दिवा लागतो. हुशार युक्ती आहे, पण तिची खोड लक्षात ठेवा: चारही टायरांतली हवा हळूहळू सारखीच उतरली, तर तुलना करायला कोणी उरत नाही. माझ्यासारखा गणपती ते नाताळ आळस केला, तर अशा बऱ्याचशा गाड्या तोंडातून ब्रही काढणार नाहीत.

हवा मोजायची ती थंड टायरात

थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा जेमतेम दीड-एक किलोमीटर चाललेली. चालल्यावर टायर तापतो, आतली हवा फुगते, आकडा तीन-चार पीएसआयने वर जातो. पहाटे लागलेला दिवा सिन्नरपाशी विझायचा तो याच कारणाने, हवा काही वाटेत भरली गेली नव्हती. अंदाजासाठी एवढं धरा: तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब एका पीएसआयने उतरतो. सप्टेंबरातली दुपार अठ्ठावीस अंशांची आणि डिसेंबरातली पहाट दहाची, तर तीन पीएसआय इथेच गेले. टायरच्या रबरातून महिन्याला एखादा पीएसआय तसाही झिरपतो, ते तीन-चार धरा. हिशेब जुळतो. निफाडकडच्या लोकांना हा दिवा थंडीत का भेटतो, हे वेगळं सांगायला नको.

किती भरायची, हे टायरवर लिहिलेलं नसतं. टायरच्या बाजूवर जो आकडा कोरलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा. तुमच्या गाडीचा आकडा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर मिळेल, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. तिथे बऱ्याचदा दोन रकाने असतात: एक दोघा-तिघांसाठी, दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. सहा महिन्यांनी गावाला जाताना तांदळाची पोती आणि आंब्याच्या पेट्या डिकीत असतील तर दुसरा रकाना. आकडा बारमध्ये असेल तर साडेचौदाने गुणा: २.३ बार म्हणजे साधारण ३३ पीएसआय. पुढच्या-मागच्या टायरांचे आकडे वेगळे असू शकतात, तेही बघा.

पंपावरचा पोरगा "तीस-बत्तीस टाकू?" असं विचारतो. त्याला तुमच्या स्टिकरचा आकडा सांगा आणि मशीनचा आवाज थांबेपर्यंत तिथेच उभे राहा. पंपोपंपीच्या मशीनमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक मी स्वतः पाहिलाय, म्हणून काही शे रुपयांचा साधा गेज डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून ठेवलाय. नायट्रोजनचं म्हणाल तर सेन्सरला त्याचं सोयरसुतक नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

हवा भरून झाल्यावर एक जुनी तपासणी करा. आमच्या नाक्यावरचा पंक्चरवाला बोट जिभेला लावतो आणि ते ओलं बोट व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवतो. थुंकीचा बुडबुडा फुगला, तर व्हॉल्व्हची पिन गळतेय. फुगला नाही, तर टोपण लाव आणि चल. किळस वाटत असेल तर साबणाचं पाणी वापरा. एकच टायर दर चार दिवसांनी तीन पीएसआय खात असेल, तर पिन, रिमची कड आणि खिळा, याच क्रमाने शोधा.

मग रिसेट

हवा स्टिकरप्रमाणे भरली. आता गाडी सपाटीवर उभी करा, इग्निशन ऑन. पुढचं गाडीगणिक बदलतं, पण वाटा तीनच.

काही गाड्यांत स्टेअरिंगच्या खाली किंवा डावीकडे-उजवीकडे दिव्यावरच्याच कंसाच्या चित्राचं बटण असतं, "सेट" असं लिहिलेलं. ते दाबून धरायचं. बऱ्याच टोयोटा गाड्यांत दिवा सावकाश तीनदा लुकलुकला की बटण सोडायचं.

काहींत बटण नसतं, मेनू असतो: गाडीच्या सेटिंगमध्ये टायर प्रेशर किंवा कॅलिब्रेशन. होंडा, स्कोडा, फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत असंच आहे. इथे लोक फसतात ते असे: मेनूत "सुरू झालं" म्हणून दाखवलं की त्यांना वाटतं काम झालं. चाकांच्या वेगावर चालणाऱ्या पद्धतीत गाडीला नवीन माप शिकायला चालावं लागतं. होंडाच्या पुस्तिकेप्रमाणे ताशी ४० ते १०० च्या दरम्यान एकूण साधारण अर्धा तास. तो अर्धा तास सलग नसला तरी चालतो. पण दादरच्या गर्दीत तासभर रांगून काही शिकणार नाही ती.

तिसरी वाट सगळ्यांत सोपी. चाकात सेन्सर असलेल्या पुष्कळ गाड्यांत बटण लागतच नाही. हवा भरून पाच-दहा मिनिटं बऱ्या वेगाने चालवली की दिवा आपणहून विझतो. पंपावर उभ्या गाडीत "अजून का नाही गेला" म्हणून घाबरू नका, उभ्या गाडीत बॅटरी वाचवायला सेन्सर झोपलेले असतात.

बॅटरीची वायर काढून पुन्हा जोडली की सगळं साफ होतं, असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. त्याने घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं तेवढी साफ होतील.

एवढं करूनही दिवा गेला नाही तर

पहिला संशय स्टेपनीवर घ्या. नुकतंच चाक बदललंय का? आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत चार चाकं अलॉयची आणि स्टेपनी बारीक, लोखंडी, बिनसेन्सरची. ती लावली की गाडीला चौथा सेन्सर सापडत नाही आणि दिवा लुकलुकतो. वेग मोजणाऱ्या पद्धतीतही घेर वेगळा म्हणून तक्रार होते. मूळ चाक लावलं की मिटतं. चाकं पुढची मागे केली असतील तर मात्र आकडे चुकीच्या जागी दिसू शकतात. काही गाड्या चालता चालता सुधारतात, काहींना सर्व्हिस सेंटरमध्ये मशीन लावून जागा शिकवाव्या लागतात.

दुसरा संशय पंक्चर काढताना झालेल्या मारावर. टायर रिमवरून सोडवताना यंत्राचा फाळ नेमका व्हॉल्व्हपाशी दाबला, की आतला सेन्सर तुटलाच. म्हणून काम सुरू होण्याआधी सांगायचं: "दादा, आत सेन्सर आहे, व्हॉल्व्हच्या विरुद्ध बाजूने सोडव." बहुतेक जण ऐकतात. ओळखायची खूण अशी की धातूचा, नट लावलेला व्हॉल्व्ह दिसला तर आत सेन्सर असण्याची शक्यता मोठी. रबरी व्हॉल्व्ह आहे म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, रबरी व्हॉल्व्हलाही सेन्सर असतात.

फेस किंवा डिंकासारखं सीलंट भरलं असेल तर तेही लक्षात घ्या. जुलै २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला आणि टायर प्रेशरची यंत्रणा व दुरुस्तीचं किट असलेल्या गाड्यांना स्टेपनी न देण्याची मुभा दिली. त्यामुळे किटमधली बाटली टायरात ओतण्याचे प्रसंग वाढले. ते द्रव्य सेन्सरच्या बारीक छिद्रात बसलं, की आकडा चुकतो. संकटात वापरा जरूर, पण नंतर टायर उघडून आतून पुसून घ्या.

कोकणात राहणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. सेन्सरचा व्हॉल्व्ह बऱ्याचदा अॅल्युमिनियमचा असतो. त्याला चमकदार पितळी टोपण लावलं, की खाऱ्या दमट हवेत दोन धातू एकमेकांना धरतात, टोपण निघत नाही आणि जोर लावला तर व्हॉल्व्हच मोडतो. प्लॅस्टिकचं साधं टोपणच बरं.

हे सगळं बाद झालं आणि गाडी सहा-सात वर्षांची असेल, तर बॅटरी. ती सेन्सरमध्येच सीलबंद असते, नुसती बॅटरी बदलत नाहीत. तिचं आयुष्य साधारण पाच ते दहा वर्षं. पण चारही सेन्सर एकदम मेले असं कोणी म्हणालं, तर त्याला आधी मशीन लावून दाखवायला सांगा. सेन्सर जागे करून त्यांचा नंबर, दाब आणि बॅटरी वाचणारं हातातलं यंत्र टायरच्या दुकानांत असतं. प्रत्येक चाकापाशी धरलं की अर्ध्या मिनिटात कळतं कोण बोलतंय आणि कोण गप्प आहे. बदलायचाच असेल तर नवीन टायर टाकताना बदला, टायर उघडण्याची मजुरी एकदाच पडते.

धावत्या गाडीत दिवा लागला तर

घाट असो वा एक्स्प्रेसवे, करकचून ब्रेक नको. स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरा, वेग हळूहळू उतरवा, इंडिकेटर देऊन डावीकडे सुरक्षित जागी थांबा. वाहतुकीकडच्या बाजूने खाली उतरू नका. टायर डोळ्यांना बसलेला दिसला, तर तसाच पुढे ढकलू नका. चिरडत चाललेल्या टायरची बाजू आतून कातरते आणि मग पंक्चर काढून उपयोग नसतो.

उन्हाळ्यात हाच खेळ उलटा होतो. मे महिन्यात दुपारी समृद्धीवरून नागपूरकडे जाताना माझ्या स्क्रीनवर चारही टायर ३८-३९ दाखवत होते. शेजारी बसलेला मेहुणा म्हणाला, "दाजी, पुढच्या पंपावर थोडी काढून टाकू, फुटेल." काढली नाही. तापलेल्या टायरातली हवा काढली की गार झाल्यावर तो कमी भरतो, आणि कमी हवेचा टायरच जास्त लवतो, जास्त तापतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, नागपुरात, त्याच्याच घरासमोर गेज लावला. ३४.