एकच सूर घुमून राहिला

मी एक रेगे गाणं केलं, जमैकाच्या ढंगाचं. त्याचं पहिलं मिक्स, म्हणजे सगळे आवाज जुळवून केलेली फाइल, मी अकरा जणांना पाठवली होती. "मस्त", "भारी", अंगठा, अंगठा, आगीचं चित्र. एकीने विचारलं, "तूच गायलीस का?" दोन महिने रात्री जागून केलेल्या कामाची ही कमाई. चूक त्यांची नव्हती. लग्नात पंगतीतून उठणाऱ्याला "जेवण कसं झालं?" विचारलं तर तो वरणात मीठ कमी होतं असं थोडंच सांगणार आहे? मी "कसं वाटलं?" विचारलं होतं, म्हणून "छान" आलं.

माझी खोली नागपुरात मानेवाड्याला, दहा बाय बारा फुटांची. लॅपटॉप, माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी म्हणजे इंटरफेस, दोन छोटे स्पीकर, भावाची जुनी बेस गिटार. मे महिना होता, म्हणजे कूलर आलाच. रेकॉर्डिंगच्या वेळी मी तो बंद करायचे, गोधड्या टांगायचे आणि घामाने निथळत एकेक टेक घ्यायचे. मिक्स करताना मात्र तो चालूच असायचा. त्याची घरघर नेमके खालचे सूर झाकते, हे मला फार उशिरा कळलं.

गाणं साधं होतं. ए मायनर, म्हणजे मुख्य सूर ए; टेम्पो 75, म्हणजे मिनिटाला 75 ठोके; ठेका वन ड्रॉप. रेगे नवीन असेल तर हा ठेका आपल्या केरव्यावरून चटकन समजतो. केरव्याच्या आठ मात्रांत पहिलीवर सम आणि पाचवीवर खाली. वन ड्रॉपमध्ये उलटं होतं: पहिली जागा रिकामी, आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) व स्नेअर या छोट्या ड्रमच्या काठावरचा टकटक आवाज दोन्ही मिळून पाचवीवर, म्हणजे आपण जिथे हात हलका करतो तिथे पडतात. गिटारचा छोटा, तुटक "चक्" तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. त्याला स्कँक म्हणतात. आणि खरी चाल वाहते ती बेसवर. बाकीच्या गाण्यांत बेस मागे असतो, इथे तो जवळजवळ गातो. म्हणून रेगेत बेस बिघडला की गाणंच बिघडतं.

दुसऱ्या वेळी मी तिघांनाच निवडलं. भजनी मंडळात ढोलकी वाजवणारे मामा, ऑर्केस्ट्राचा साउंड सांभाळणारे एक दादा आणि संगीताशी काही संबंध नसलेली मावसबहीण. फाइल व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे ती दाबली न जाता पोचते. सोबत तीनच प्रश्न: कुठला आवाज सगळ्यात मोठा वाटतो? कुठे लक्ष उडालं, मिनिट-सेकंद सांग. आणि कशावर ऐकलंस? तिसरा प्रश्न मी सहज घातला होता. सगळ्यात कामाला तोच आला.

मावसबहिणीने फोनवर ऐकलं. म्हणाली, "बेस आहे का गं यात?" दादांनी गाडीत ऐकलं. "बेस इतका की दाराचे पत्रे वाजून राहिले. कमी कर, किक वाढव." दोघांपैकी एक चुकतंय असं मी धरून चालले आणि दोन दिवस फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या, खालीवर करत बसले.

मग रविवारी मामा घरी आले. तर्री पोहे झाल्यावर ते पलंगावर भिंतीला टेकून बसले. मी माझ्या खुर्चीत. गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात ते म्हणाले, "काहून वं, हा एकच सूर एवढा घुमून राहिला?" मला काहीच घुमताना ऐकू येत नव्हतं. मी म्हटलं, कुठला? त्यांनी बोट वर केलं, नेमकं ए आला की. मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले, आणि खरंच, भिंत बोलत होती. पुन्हा खुर्चीत आले, सूर गायब.

नंतर कागदावर हिशोब केला तेव्हा उलगडलं. बेसच्या मोकळ्या ए तारेचा सूर 55 हर्ट्झ. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये जी लाट अडकून उभी राहते ती सुमारे 57 हर्ट्झची. भिंतींजवळ ती फुगते आणि बरोबर मधोमध विरते. माझं टेबल असं होतं की खुर्ची पाच फुटांवर, अगदी मध्यावर. मला ए ऐकूच येत नव्हता म्हणून मी तो वाढवत गेले होते, त्यात वरून कूलर. दादांच्या गाडीला काय, तिला जे दिलं ते तिने वाजवलं. तुमची खोली अशी आहे का ते पाहायचं असेल तर खालचा एक सूर अखंड वाजवत ठेवा आणि खोलीभर चालून बघा. फुकटची परीक्षा आहे.

मग बहिणीला बेस का दिसला नाही? जुन्या रेकॉर्डसारखा गोल आवाज हवा म्हणून मी बेसचं वरचं सगळं छाटून टाकलं होतं. फोनच्या इवल्या स्पीकरला 55 हर्ट्झ झेपतच नाही. पण 110, 165, 220 अशी त्याची पटीतली सावली असली तर कान मूळ सूर मनाने भरून घेतो. मी ती सावलीच कापली होती. म्हणजे दोघंही बरोबर होते.

दुरुस्ती तासाभराची निघाली. खुर्ची दीड फूट पुढे घेतली, ए भोवतीचा भाग 5 डेसिबल उतरवला, बेसच्या ट्रॅकची एक प्रत काढून तिला हलकं सॅच्युरेशन, म्हणजे वरची ती सावली आणणारा किंचित फाटलेपणा, दिलं आणि खालून कापून मूळ ट्रॅकखाली मिसळली. किक दादांनी सांगितली तशी वाढवली नाही. ती पडते त्या क्षणी बेस 2-3 डेसिबल दबेल एवढंच केलं, किक आपोआप पुढे आली. ऐकणारा दुखतंय कुठे ते बरोबर सांगतो, औषध मात्र आपणच शोधायचं. दादांचा अनुभव माझ्या दसपट असूनही मी हे म्हणतेय.

मामांची दुसरी तक्रार जास्त अवघड होती. "सम कुठं गेली? पहिल्या मात्रेवर ढोलकीची एक थाप टाक." ती टाकली असती तर रेगे संपलं असतं. पण तक्रार सोडून देण्यासारखीही नव्हती, कारण रिकामी जागा रिकामी वाटतच नव्हती. स्कँकला मी भरपूर रिव्हर्ब, म्हणजे खोलीसारखा घुमारा, लावला होता, त्याची शेपटी पुढच्या समेवर सांडत होती. रिव्हर्ब काढला, स्कँक 250 हर्ट्झच्या खाली कापला, आणखी तुटक केला. आता पहिल्या मात्रेवर शांतता होती.

प्रतिध्वनीचा मोह मात्र सुटत नाही. किंगस्टनमध्ये उपकरणं दुरुस्त करणाऱ्या किंग टबीने 1970च्या दशकात मिक्सरच वाद्यासारखा वाजवला आणि डब, म्हणजे रेगेचा प्रतिध्वनींनी भरलेला प्रकार, घडवलं. तेव्हापासून आम्हा सगळ्यांना वाटतं की डिले (थोड्या वेळाने परतणारा आवाज) जितका जास्त तितकं अस्सल. तो ओळीच्या शेवटच्या शब्दालाच सोडायचा असतो. टेम्पो 75 असेल तर एक ठोका 800 मिलिसेकंदांचा, त्याचा पाऊण भाग 600. तिथे डिले ठेवला की परतीचा आवाज ठेक्याच्या फटीत बसतो. परतीच्या आवाजातून खालचा भाग काढा, नाहीतर बेसवर चिखल होतो.

आवडत्या गाण्याशी तुलना करताना आधी त्याचा आवाज आपल्या मिक्सइतका खाली आणायचा. मोठं ते चांगलं वाटतंच. आणि शेरा आला की लगेच खुलासा लिहायचा नाही. माझं पहिलं उत्तर "अहो पण रेगेत असंच असतं" हे टाइप करून झालं होतं, पाठवायचं राहिलं ते लाइट गेली म्हणून.

चौथं मिक्स मामांना मुद्दाम खुर्चीत बसवून ऐकवलं, मी पलंगावर. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या कडव्यापासून त्यांचा हात मांडीवर पाचव्या मात्रेला पडायला लागला, तेवढं मी पाहिलं. नंतर म्हणाले, "शेवटी ती बाई फार लांबवते." बाई म्हणजे मीच. पाचव्या मिक्समध्ये शेवट आठ सेकंदांनी कमी आहे.