बाळाचे पहिले दात घासताना वरचा ओठ उचलायलाच हवा

"दुधाचे दात पडणारच आहेत, मग घासायचे कशाला?" हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. दुधाच्या दातांचं वरचं कवच पक्क्या दातांपेक्षा पातळ असतं, त्यामुळे लागलेली कीड भराभर आत जाते. बाळाला ठणका लागतो, ते नीट खात नाही, झोपत नाही. शिवाय दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्या असतात.

पहिला दात हिरडीतून वर आला की त्याच दिवसापासून सुरुवात करा. बहुतेक बाळांना तो ६ महिन्यांच्या आसपास येतो, काहींना वर्ष होता होता. "सगळे आले की बघू" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. सगळे २० यायला अडीच-तीन वर्षं जातात.

ब्रश लहान डोक्याचा, अगदी मऊ. पेस्ट फ्लोराइडची, तांदळाच्या दाण्याएवढीच; ३ वर्षांनंतर वाटाण्याएवढी. दिवसातून दोनदा. खालचे दात सोपे असतात: हिरडीच्या कडेला ब्रश टेकवायचा, पुढून-मागून हलकेच गोल फिरवायचा, झालं.

खरी कसोटी वरच्या दातांची. माझ्या मोठ्या मुलीच्या वेळी मी इथेच चुकले. ब्रश जवळ नेला की ती ओठ घट्ट मिटायची, तरीही घातला तर किंचाळायची. मी तो हट्ट समजले आणि दातांच्या टोकांवरून ब्रश फिरवून सोडून देत राहिले. ती चौदा महिन्यांची असताना एकदा हसताना ओठ वर गेला, तर हिरडीलगत खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ. दंतवैद्यांनी सांगितलं, ही किडीची पहिली खूण आहे; अजून खड्डा पडलेला नाही, इथेच थांबवता येईल.

मग त्यांनी तिचा ओठ उचलून दाखवला. वरचा ओठ मधोमध हिरडीला एका बारीक दोरीसारख्या पडद्याने जोडलेला असतो. माझा ब्रश रोज त्याच्यावर आपटत होता. तिला दुखत होतं, म्हणून ती रडत होती.

तेव्हापासून मी एकाच पद्धतीने घासते. बाळाला आडवं झोपवून डोकं आपल्या मांडीवर घ्यायचं, म्हणजे वरून तोंड स्वच्छ दिसतं. घरात दुसरं कुणी असेल तर गुडघ्याला गुडघे लावून समोरासमोर बसा, बाळाचे पाय त्यांच्याकडे, डोकं तुमच्याकडे. डाव्या हाताची तर्जनी गालाच्या बाजूने ओठाखाली सरकवत मधोमध आणा आणि पेर त्या दोरीवर आडवं ठेवा. दोरी बोटाखाली झाकली की मगच ओठ उचला. आता ब्रश बोटाच्या खालून, दात हिरडीला मिळतो त्या रेषेवर फिरवा. टोकांवर फिरवून काही उपयोग नाही. घाण त्या रेषेवर साठते. मग दातांची मागची बाजू. अर्ध्या मिनिटात होतं. धाकट्याच्या वेळी पहिल्या दिवसापासून असंच केलं, त्याने कधी तोंड मिटलं नाही.

बाळ नुसतंच कुरकुरलं तर थांबू नका, गाणं म्हणत पूर्ण करा. रक्त आलं किंवा ते अचानक कळवळलं तर मात्र थांबून नीट बघा. चूळ भरायची गरज नाही, फेस कापडाने टिपून घ्या.

रात्रीचं घासणं कधीच चुकवू नका. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून दातांवर राहिलेलं दूध धुतलं जात नाही. खालच्या दातांना जिभेचा आडोसा असतो, वरच्यांना नसतो. कीड आधी तिथेच दिसते. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवणं, चोखणीला मध किंवा साखर लावणं, दोन्ही बंद. घासल्यावर फक्त पाणी.

पहिल्या वाढदिवसाआधी एकदा दंतवैद्यांना दाखवा. आणि महिन्यातून एकदा उजेडात बसवून वरचा ओठ उचलून पाहा. पांढरी रेघ दिसली तर ती तपकिरी होण्याची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात घेऊन जा.