रिसॉर्टचे कर्ज घेताय? सहीआधी करारातल्या अटी अशा तपासा

तारकर्ली असो की गुहागर, लॉज-रिसॉर्टसाठी कर्ज काढताना सगळे लक्ष व्याजदरावर असते. पण हप्ते वेळेवर भरूनही कर्जदार अडकतो, तो करारातली एखादी अट मोडली म्हणून. मंजुरीपत्र मिळाले की लगेच कर्ज कराराचा पूर्ण मसुदा मागून घ्या आणि सीएला सोबत घेऊन वाचा.

आधी डीएससीआर बघा, म्हणजे वर्षाच्या कमाईतून कर्जाची फेड कितपत भागते ते सांगणारे गुणोत्तर. निव्वळ नफा, घसारा आणि मुदत कर्जावरचे व्याज यांच्या बेरजेला वर्षात फेडायच्या मुद्दल-व्याजाने भागायचे. नफा 9 लाख, घसारा 6 लाख, व्याज 10 लाख, म्हणजे 25 लाख. फेडायचे मुद्दल 10 आणि व्याज 10, म्हणजे 20 लाख. उत्तर 1.25. करारातली किमान मर्यादाही 1.25 असेल तर नफा लाखभराने घटला तरी अट मोडली. त्याहून महत्त्वाचे, ही तपासणी कधी होणार? दर तिमाहीला असेल तर जुलै ते सप्टेंबरच्या आकड्यांवर किनाऱ्यावरचे बहुतेक रिसॉर्ट नापासच होणार; भर पावसाळ्यात तर मालवणात किल्ल्याच्या बोटीसुद्धा बंद असतात. म्हणून ‘ऑडिट झालेल्या पूर्ण आर्थिक वर्षाच्या हिशोबावरून, वर्षातून एकदा’ असे शब्द घालून घ्याच. पावसाळ्यात लहान आणि ऑक्टोबर ते मे मोठे हप्ते मागा; अर्जाला मागच्या तीन वर्षांची महिनावार जमा जोडा.

मग मनाईच्या अटी. रिसॉर्ट सीझनपुरते दुसऱ्याला चालवायला देणे, भागीदार बदलणे, त्याच जागेवर आणखी कर्ज काढणे, या सगळ्याला साधारणपणे बँकेची लेखी परवानगी लागते. सातबारा सामायिक असेल तर पुढे होणाऱ्या वाटणीबद्दल आत्ताच विचारून घ्या. समुद्राच्या बाजूला वाढवलेली विनापरवाना झोपडीदेखील ‘सर्व कायदे पाळू’ या अटीत येते. सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकाम-नियमांची नोटीस आली की बँकही हिशोब मागते. भावाच्या ट्रॉलरच्या कर्जाला जामीन असाल तर क्रॉस डिफॉल्टचे कलम शोधा, म्हणजे एक कर्ज थकले की दुसरेही थकले असे धरणारे कलम. ते कलम जामीनकीलाही लागू असेल, तर तिथला थकलेला हप्ता इथले कर्ज अडचणीत आणतो.

विम्यात बँकेचे नाव हवे आणि वादळ-पुराचे संरक्षणही. प्रीमियम वाचवायला ते वगळू नका. जून 2020 मध्ये निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरची काय दशा केली ते आठवा. विमा निम्म्याच किमतीचा असेल तर भरपाईही साधारण निम्मीच मिळते.

अट मोडणार असे दिसले तर मुदतीआधीच बँकेला पत्र द्या आणि सवलत लेखी घ्या. मॅनेजर तोंडी ‘बघू’ म्हणाले तर त्यावर विसंबू नका, त्यांची बदली होते. दंड लागलाच तर खात्याचा उतारा तपासा: रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या परिपत्रकानुसार दंड हा शुल्क म्हणूनच घ्यायचा, व्याजदरात मिळवायचा नाही आणि त्यावर पुन्हा व्याजही लावायचे नाही. तसे लावलेले दिसले तर परत मागा.